ठिपक्याआधीची संख्या

४ सप्टेंबर १९५६, मंगळवार. पोळा.

आई हरभऱ्याची डाळ निवडून परातीत ठेवायची आणि ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसायची. मी पाटीवर भागाकार करत असे. डाळ भिजत घालायची की नाही, ते माझ्या भागाकारावर ठरायचं. "झालं का वं? उन्हं डोक्यावर आली. भिजू घालू का नको?" असं ती घडीघडी विचारी, आणि मी म्हणे, "थांब आई, एकोणिसानं करून पाहायचं राहिलंय."

चंपत तेव्हा हैदराबादला कॉलेजात होता. माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी बाविसाव्या वर्षी विधवा होऊन आदिलाबादेत माहेरी परत आलेली. त्याच्या पोस्टकार्डाच्या तळाशी, सहीखाली, एक मोठी संख्या असायची. तिला कशानेच भाग जात नसेल, म्हणजे ती मूळ संख्या असेल, तर अर्थ असा की सुटीला येतो, वाट पाहा. भाग गेला तर येत नाही, वाट पाहू नका. खेळ माझाच. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटनी आम्हा मुलींकडून मूळ संख्यांचा तक्ता लिहून घेतला होता, तो मी सुटीत त्याला शिकवला आणि तो माझ्या पुढे निघून गेला. दुकानातून बाबा ओरडत, "येतो का नाही ते सरळ लिहायला त्याचं काय जातं?" पण पाटी पुसून मी "येतोय" म्हटलं की पहिले तेच उठून गूळ काढून देत.

संख्येपुढे तो पूर्णविराम देई. तेही मीच सांगितलेलं. एका कार्डावर शाई ओघळून एक आकडा वाढल्यासारखा झाला, वाढीव संख्येला भाग गेला, आम्ही डाळ भिजवली नाही, आणि संध्याकाळी हा दारात उभा. तेव्हापासून नियम केला: संख्या संपली की टिंब.

उद्या आठ वर्षं होतील त्याला घरून जाऊन.

२४६७ ने भागलं. बाकी २३२५. नवाचा ताळा बरोबर.

६ सप्टेंबर, गुरुवार

ही वही मी कोणासाठी लिहीत नाही. पण सिस्टर म्हणत, रीत दाखवल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत. म्हणून रीत लिहून ठेवते.

१९४८ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंपत घरून निघाला. तो उटनूरच्या शाळेत गणित शिकवत होता. ते साल धामधुमीचं, शाळा बंद होत्या. पैनगंगेपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत जातो म्हणाला. चार दिवसांनी नदीकाठची बयनाबाई, जी आमच्याकडे वांगी-भेंडी घेऊन येते, तिने चिठ्ठी आणून दिली. त्यानंतर आठवड्याभरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. लोक परत आले. तो आला नाही.

चिठ्ठीत एक अक्षर नाही. फक्त उर्दू आकड्यांत एक संख्या आणि पुढे टिंब. अठरा वर्षं उर्दू शाळेत शिकवून त्याचा हात त्याच आकड्यांना वळला होता. ७३६८७८७.

एवढ्या संख्येला भाग जातो का हे पाहायला २७१३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. २७१५ चा वर्ग तिच्याहून मोठा होतो. दोन भाजकांपैकी एक तरी त्याच्या आत सापडलाच पाहिजे. असे ३९६ भागाकार. पहिली फेरी मी पुढच्या संक्रांतीला संपवली. कशानेच भाग गेला नाही. तो येतो म्हणाला होता.

मग शंका आली की एखादा भागाकार चुकला असेल. दुसरी फेरी केली. ती पुरी झाल्यावर बरेच दिवस काही केलं नाही आणि ते दिवस फार वाईट गेले. आता तिसरी. रोज एखादा, फार तर दोन, दुपारी शाळेतून आल्यावर. घाई करत नाही.

२४७३ आणि २४७७ झाले.

९ सप्टेंबर, रविवार

२५०३. बाकी २४५८. आणखी पंचेचाळीस असते तर भाग गेला असता. इतक्या जवळून गेलं की पुन्हा करून पाहिलं.

भागाकार करताना समोरच्या खुर्चीवर कोणी आहे असं वाटतं. नजर वर केली की नसतं. पण हातचा धरायची वेळ आली की अगदी हळू, "हातचे दोन", असं ऐकू येतं आणि तो बरोबर असतो. आज तीनदा आलं. मी रेणुकाला सांगितलं नाही.

रेणुका म्हणजे चंपतची बायको. मधल्या दारात उभी राहून ती रोज विचारते, "वन्सं, आज कितीनं भागलं?" मी सांगते. ती मान हलवते आणि आत जाते. बाकी किती राहिली हे तिने आठ वर्षांत कधी विचारलं नाही. गणिताची गोडी नाही तिला. बाप पटवारी असून.

१२ सप्टेंबर, बुधवार

रेणुकाचा भाऊ केशवराव किनवटहून आला. नोव्हेंबरच्या एक तारखेला किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार, नांदेडला जोडणार. आम्ही इकडे आंध्रात. चंपतच्या नावचं साडेचार एकर तिकडे, केशवरावाच्या शेताला लागून. ते रेणुकाच्या नावावर करायचं तर विरासतीची मिसल, म्हणजे वारसाहक्काची फाईल, एक तारखेच्या आत निकाली निघाली पाहिजे. मिसल अडून आहे ती माझ्यामुळे. १९५० साली मीच तहसिलीत अर्ज दिला होता की माझा भाऊ हयात आहे, आणि पुरावा म्हणून चिठ्ठीची नक्कल जोडली होती.

"आक्का, तुमी तेवढा अर्ज मागं घ्या," केशवराव म्हणाला. "सात वर्षं झाली की कायदाच म्हणते माणूस गेला."

"कायद्याला त्याची खूण माहीत नाही."

"खूण माले बी सांगतली तुमी. धा वेळा. मी म्हणतो, भाग नाई जात, मान्य. पण माणूस तं येऊन नाई राह्यला न."

"येतो म्हणून लिहिलंय त्यानं."

"मंग आठ वर्षं कोण्या गाडीत बसून येऊन राह्यला तो?"

रेणुका चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तू चूप बस. वन्संले बोलू नको." केशवराव बशीत फुंकर घालत राहिला. मथुरा, चंपतची मुलगी, अठराची आहे, मॅट्रिक झाली. ती दाराआडून म्हणाली, "आत्या, कलकत्त्याला म्हणे हिशेबाचं यंत्र आलंय. घटकेत सांगते म्हणे." मी म्हटलं, मला घटकेत नको.

दोघींना किनवटला नेतो म्हणतो. मथुरासाठी तिकडे स्थळ आहे. मुलीचा बाप कुठे आहे, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, एवढं एक सांगा, म्हणाला. मी उठून आत गेले.

१९ सप्टेंबर, बुधवार

२५५७. बाकी २०७०.

शाळेत तेलुगूच्या बाई आल्या. मुली त्यांना हसतात, त्या मुलींना हसतात. मराठीचे वर्ग या वर्षापुरते तरी चालतील म्हणतात.

आज एक जुनी गोष्ट आठवली. नियमाप्रमाणे 'येत नाही' ही संख्याही चंपत अवघड पाठवी. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करी, म्हणजे भाजक सापडेपर्यंत माझी दुपार जाई. शेवटी पाच किंवा शून्य असलेली संख्या पाठवणं म्हणजे खेळाचा अपमान, असं दोघांचं ठरलेलं. एकदाच त्याने तसं केलं. त्याला हैदराबादेत विषमज्वर झाला होता. कार्डावर वाकड्या हाताने ४३१०. पाटी घ्यायचीही गरज पडली नाही. नंतर बरा होऊन आला तेव्हा मी भांडले, तर म्हणाला, "आक्का, त्या वेळी तुला भागाकार करत बसवणं मला बरं वाटेना. वाईट ते एका नजरेत कळावं."

किती मऊ मनाचा होता. हे उगाच लिहिलं. कागद संपतो.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

२६२१. बाकी ११५६, म्हणजे चौतीसचा वर्ग. अशी देखणी बाकी आली की चंपत पेन्सिल ठेवून टाळी देई. मी आज समोर हात केला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मथुरा आत आली तेव्हा खाली घेतला.

तिने पाहिलं असावं. म्हणाली, "आत्या, तुमची फेरी संपली की चौथी सुरू करू नका." मी विचारलं, का? "आईले उभं राहून राहून पाय दुखतात."

मला समजलं नाही. रेणुकाला मी कधी उभं राहायला सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार. सर्वपित्री.

आई-बाबांची दोन पानं मांडली. रेणुका दरवर्षी परसात तिसरं पान ठेवते. आधी एकदा विचारलं होतं तर म्हणाली, कोणी राह्यलं असंल मागं, त्याच्यासाठी. आजही ठेवलं. त्यावर मुगाची भजी होती, आई-बाबांच्या पानांवर नव्हती. कावळा लवकर येईना. रेणुका पदर डोक्यावर घेऊन लिंबाखाली बसून राहिली. मी हाक मारली तर उठली नाही. कावळा शिवल्यावर आली, तोंड धुतलं आणि मला वाढलं.

मुगाची भजी चंपतला आवडायची. तो आला की करू.

८ ऑक्टोबर, सोमवार

२६९९. बाकी ५१७. आता तीनच राहिले: २७०७, २७११, २७१३. संपवावंसं वाटत नाही.

तहसिलीतून निरोप आला. किनवटच्या सगळ्या मिसली नांदेडला रवाना होणार, त्याआधी उद्या तिथले पेशकार वामनराव घरी येऊन माझं बयान घेणार. माझं बयान तेच राहील.

९ ऑक्टोबर, मंगळवार

वामनराव आले. चाळीस वर्षं उर्दूत कामकाज केलेला माणूस. आता सगळं इंग्रजी-तेलुगूत जाणार म्हणून निवृत्तीचा अर्ज दिलाय. "माझ्या लिहिलेल्या मिसली वाचायला उद्या दुभाषी लागेल बाई," म्हणाले आणि हसले. ओसरीवर बसले, चष्मा पुसला, मिसल सोडली.

म्हणाले, "तुम्ही काय लिहायला सांगाल ते लिहितो. फक्त नकलेचा मुकाबला करून घेऊ. अस्सल चिठ्ठी आणा."

मी पेटीतून आणली. १९५० च्या अर्जातली नक्कल माझ्या हातची, मराठी आकड्यांत. ती मी वाचायची, ते चिठ्ठीवर बोट ठेवून मिळवणार. मी वाचलं, "त्र्याहत्तर लाख, अडुसष्ट हजार, सातशे सत्त्याऐंशी."

वामनरावांचं बोट थांबलं. "पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"नाही बाई. सात कोटी, छत्तीस लाख, सत्त्याऐंशी हजार, आठशे सत्तर."

मी म्हटलं तुम्ही एक आकडा जास्त वाचताय. त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे वळवली आणि नखाने टिंब दाखवलं. "हे सिफर."

"तो पूर्णविराम आहे."

"उर्दूत पूर्णविराम आडवी रेघ असते. टिंब म्हणजे सिफर. शून्य. आकड्याच्या रांगेत बसलेलं आहे, पाहा की."

मी त्यांना सांगितलं की आमचा नियम होता, संख्येपुढे टिंब द्यायचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. घरातला नियम मला कसा कळणार? मी तर लिहिलंय तेच वाचतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पण बाई, मूळ शाई बघा, उडून गेलीय, निळसर राहिलीय. हे टिंब काळंभोर आहे. ते शाईचंच नाही."

बयान घेतलं नाही. मीच म्हटलं, दोन दिवस द्या.

रात्र पडायच्या आत पाटी घेतली. ७३६८७८७०. पाटीची गरज नव्हती. दोनाने जातो. पाचाने जातो. नवाने भागलं तर दोन्ही संख्यांची बाकी एकच राहते, शून्याने बेरीज बदलत नाही. तिथे काही फरक दिसला नसता. पण दहाने भाग जातो हे कुठलंही पोर एका नजरेत सांगेल.

एका नजरेत.

११ ऑक्टोबर, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. आपल्या बाजूने जे जे आहे ते मांडून पाहिलं. तो पूर्णविराम असू शकतो. मी शिकवलेला होता, वीस वर्षं जुनी सवय होती. वामनरावांना खेळ माहीत नाही. शाई वेगळी तर वेगळी, दौत बदलली असेल.

बाजारात बयनाबाईला निरोप ठेवलाय.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

बयनाबाई आली. टोपली उतरवली, पाणी प्याली. मी चिठ्ठी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, ही त्याने तुझ्याकडे दिली तेव्हाचं सांग. जसं झालं तसं लिहिते.

"रातच्याले आमच्या घरी राह्यले मास्तर. जेवले. मंग शिशातल्या शाईच्या पेनानं हे लिवलं अन् म्हणे, आक्काले दे. खुशीत होते. म्हणे, आक्का बसंल आता म्हैनाभर. हासले बी."

"मग?"

"सकाळी नदीवर गेलो. नदी मस्त चढली होती, माती-माती पाणी. डोंग्यात तिघं बसाचे होते. डोंगेवाला म्हणे, आज नको, उद्या जाऊ. मास्तर म्हणे, उद्या काठावर पकडाले येतीन, आजच. कपडे काढून गाठोडं बांधलं, पेन बी त्याच्यात, मेणकापडात. मंग पाण्याकडं पाह्यलं लय वेळ. अन् मले म्हणे, बयनाबाई, ते चिठ्ठी आण इकडं. मी देल्ली. म्हणे काई लिवाले हाये का? म्या म्हटलं, मले कायचं लिवणं? माह्या वट्यात बिब्बे होते, इकाचे. त्यायनं एक बिब्बा घेतला, बाभळीचा काटा टोचला, अन् हा टिपका मारला. सुकू देल्ला, फुकला. मंग घडी करून मले देल्ली अन् बसले."

बिब्ब्याचा डाग. धोबी कपड्यावर खूण करतात तो. जात नाही कधी. रात्री शाईने त्याने टिंब दिलंच नव्हतं; उर्दू आकड्यांपुढे ते शून्य होतं, हे त्याला माहीत होतं.

मी विचारलं, पुढे काय झालं. तिने पदर तोंडाला लावला. "मधी पावतोर दिसत होता डोंगा. मंग वळण हाये तिथं. खालच्या गावाले उपडा भेटला दोन दिसानं."

"बयनाबाई, हे तू मला आठ वर्षं सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलंच नाई, बाईसायेब. तुमी चिठ्ठी घेतली अन् पाटी घेऊन बसल्या." मग खाली पाहत म्हणाली, "रेणुकाबाईले तवाच सांगतलं होतं. त्याच म्हणे, वन्संचं होऊ दे आधी. त्यायले आपोआप समजंल."

भेंडी ठेवून गेली. भाव केला नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

सोनं वाटलं. रेणुकाने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, पायांवर डोकं ठेवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिचा बाप पटवारी होता. घरात दिवसभर उर्दू खातेवह्या उघड्या पडलेल्या असत. पटवाऱ्याच्या मुलीला शून्य दिसलं नसेल?

१६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी टेबलाशी बसले. भागाकार केला नाही. वेळ झाल्यावर रेणुका दारात आली. सवयीने म्हणाली, "वन्सं, आज कितीनं भागलं?"

मी म्हटलं, "दहानं."

ती चौकटीला धरून उभी राहिली. मग आत आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"काऊन सांगितलं नाहीस गं?" तिच्याशी बोलताना तिची बोली माझ्या तोंडात येते.

"सांगणार होती. बयनाबाई गेली तवाच. तुमी म्हटलं, थांब, भागाकार होऊ दे. मी थांबली. वाटलं, दोन-चार दिसांत तुमालेच दिसंल. मंग संक्रांत आली. तुमी अंगणात येऊन म्हटलं, येतोय तो. मथुरा नाचली. तुमी डाळ भिजू घातली, वन्सं. मी काय बोलू? डाळ तं भिजली होती."

मी विचारलं, मग आठ वर्षं कुंकू लावलंस ते?

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमी सकाळी उठून पयले माह्या कपाळाकडं पाहता."

हे खरं आहे. मी पाहते. मला वाटायचं, ती माझ्या आशेवर जगते आहे. तिला उभं ठेवलंय आपण, आपल्या आकडेमोडीने, असं मी मनात मिरवतही असे.

मग मी तिला चंपतची ती गोष्ट सांगितली, ४३१० ची. वाईट ते एका नजरेत कळावं. ती म्हणाली, "मालूम हाये. लग्नानंतर त्यायनं सांगतली होती." आणि मग पहिल्यांदा रडली. माझ्यापुढे पहिल्यांदा.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

वामनरावांच्या कचेरीत गेले. १९५० चा अर्ज मागे घेतला. माझा भाऊ चंपतराव १९४८ च्या सप्टेंबरात पैनगंगा उतरताना मरण पावला असा माझा विश्वास आहे, असं लिहिलं. वामनराव उर्दूत लिहीत गेले, मी मराठीत सही केली. ते म्हणाले, माझ्या हातची ही शेवटची मिसल असेल. शेवटी त्यांनी पूर्णविरामाची आडवी रेघ ओढली. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

घरी आले तर रेणुका कुंकवाचा करंडा घेऊन उभी. "वन्सं, हे आता ठेवू का?"

मी म्हटलं, "तुझ्या मनावर. लावलंस तरी मी विचारणार नाही, ठेवलंस तरी नाही."

तिने करंडा कोनाड्यात ठेवला. मग संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा काढला, बोटाने कुंकू घेतलं आणि मथुराला लावलं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

उद्या केशवराव गाडी घेऊन येतो. विरासत मंजूर झाली. रेणुका म्हणते, तुमीबी चला, इथं एकट्या काय करता. शाळेतल्या मुलींची परीक्षा होईपर्यंत मी इथे राहणार. मग पाहू. शीव ओलांडली की दुसरं राज्य, एवढंच. एक तारखेपासून.

दुपारी राहिलेले तीन भागाकार करून टाकले. गरज नव्हती. २७०७, बाकी ३३३. २७११, बाकी २८९. २७१३, बाकी २७९. तीन फेऱ्या मिळून एक हजार एकशे अठ्ठ्याऐंशी भागाकार, एकाही ठिकाणी बाकी शून्य नाही. शेवटच्या भागाकारात ऐकू आलं, "हातचे दोन." वामनराव आले त्या दिवसानंतर आलं नव्हतं. मी वर पाहिलं नाही. बरोबर होतं.

३० ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ.

गाडी यायची आहे. रेणुका, निघण्याआधी पेटी उघडशील तेव्हा हे पान वरच ठेवलेलं सापडेल. मी तोंडाने सांगायला गेले तर गोंधळ होईल.

सिस्टर बर्नाडेटनी लिहून घेतलेला मूळ संख्यांचा तक्ता मथुराला द्यायचा. तिला तो लागेल असं नाही. पण तिच्या मुलांना कधी कोणाची वाट पाहायची असली तर असू दे. चंपतचं मनगटी घड्याळही तिचं. सासरी विचारलं तर सांगायचं, बापाचं आहे.

भागाकाराच्या अकरा वह्या आहेत. मागची पानं कोरी आहेत, तेवढी फाडून शाळेच्या मुलींना द्यायला मी ठेवून घेते. भरलेली पानं बंबात घाला. किनवटला न्यायची नाहीत. वामनरावांना माझी काचेची दौत. त्यांनी घेतली नाही तर त्यांच्या बायकोकडे द्यावी. जांभळी शाल बयनाबाईची, आणि तिला यापुढे भावात घासाघीस करायची नाही, हे मथुरालाही सांग.

परात तू ने. दिवाळीला डाळ भिजत घालशील ती मोजक्याच माणसांची घाल. चंपतसाठी ताट वाढून ठेवायचं नाही. मुगाची भजी मात्र कर, आणि उघड कर, परसात नेऊन नको.

समोरची खुर्ची इथेच राहू दे. त्या दिवशी तू बसलीस ती.

चिठ्ठी तुझी. ती तुलाच पहिल्यांदा कळली आणि आठ वर्षं मी ती तुझ्याजवळून घेऊन बसले होते. बिब्ब्याचा ठिपका तुझा आहे. तो त्याने सकाळी नदीवर दिला, शुद्धीत, पाणी पाहून. पण आदल्या रात्री जेवून झाल्यावर, हसत हसत, त्याने जी लिहिली होती ती ७३६८७८७, तिला कशानेच भाग जात नाही. ती कोणाच्या वाटणीत घालायची नाही. ती माझ्याजवळ राहील.